काटा रुतल्यावर बोट का ठणकतं?

झाडाची छाटणी करताना बोटात काटा जातो. आपण तो उपसून काढतो, बोट पाण्याखाली धरतो आणि पुन्हा कामाला लागतो. संध्याकाळपर्यंत तिथं लाली येते. रात्री ठणका लागतो. हात खाली सोडला की जास्त, उशीवर उंच ठेवला की जरा बरं. दुसऱ्या दिवशी कातडी ताणून चकचकीत झालेली असते आणि मधोमध पिवळसर टोक दिसतं. बोट पिकलं, असं आपण म्हणतो. एखाद्याला काखेत दुखरी गाठही येते. तिला मराठीत ‘अवधाण’ असा नेमका शब्द आहे. मग पू वाहून जातो, अवधाण बसतं, खपली धरते.

आता हिशोब मांडू. यातलं जंतूंनी काय केलं आणि शरीरानं काय केलं? लाली शरीरानं आणली. सूज शरीरानं आणली. ठणका, पू, अवधाण, सगळं शरीराचंच. जंतूंनी आत येऊन वाढायला सुरुवात केली होती, एवढंच. सर्दीत गळणारं नाक, फ्लूमधली अंगदुखी, तापातली हुडहुडी यांचंही बरंचसं असंच. आजार म्हणून आपण जे भोगतो, त्यातला मोठा वाटा आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या कामाचा असतो.

म्हणून या विषयावर बोलताना सर्रास वापरलं जाणारं युद्धाचं रूपक मला तोकडं वाटतं. शत्रू, हल्ला, पहारा हे शब्द टाळता येत नाहीत, मीही पुढे वापरणार आहे. पण मारण्याची ताकद शरीराकडे भरपूर असते, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच. त्याची खरी पंचाईत ओळखण्यात आहे: परका कोण, आपला कोण, परक्यांतला निरुपद्रवी कोण, आणि हात कधी आवरायचा.

एक जीव आणि एक चिठ्ठी

‘जंतू’ या एका शब्दात आपण बॅक्टेरिया आणि व्हायरस, म्हणजे जिवाणू आणि विषाणू, दोघांनाही कोंबतो. प्रत्यक्षात त्या दोघांतलं अंतर माणूस आणि वडाच्या झाडातल्या अंतरापेक्षा मोठं आहे. माणूस आणि वड निदान दोघेही पेशींचे बनलेले असतात.

जिवाणू हा पूर्ण जीव आहे. एकच पेशी, पण स्वतःचं खाणारी, स्वतःची ऊर्जा तयार करणारी, स्वतःचे दोन भाग करून वाढणारी. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या-पाचशेव्या भागाएवढी. परिस्थिती मनासारखी असेल तर आतड्यातला ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. एकापासून सुरुवात केली तर ७ तासांत २१ वेळा दुप्पट, म्हणजे २० लाखांहून अधिक. १० तासांत १०० कोटींच्या पुढे. अर्थात एवढं अन्न आणि एवढी मोकळीक त्याला कुठेच मिळत नाही, पण पहिल्या काही तासांत शरीर घाई का करतं, ते या गणितावरून कळावं.

जिवाणू पहिल्यांदा पाहिले ते अँटनी फान लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्यानं, स्वतः घासलेल्या भिंगांतून, १६७६ साली. पुढे त्यानं स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून पाहिला, तर त्यातही जीव वळवळत होते. तेव्हा तो ठणठणीत होता, हे महत्त्वाचं. आपल्या शरीरातल्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि आपल्यात राहणारे जिवाणू साधारण ३८ लाख कोटी, असा २०१६ मधला अंदाज आहे. त्यातले बहुतेक आतड्यात गुण्यागोविंदानं राहतात, काही जीवनसत्त्वं बनवून देतात आणि उपद्रवी भाऊबंदांना जागा मिळू देत नाहीत. ‘परका दिसला की मार’ असं धोरण शरीरानं ठेवलं असतं, तर आपलं आतडं जन्मभर पिकलेल्या बोटासारखं ठणकत राहिलं असतं.

विषाणू खात नाही, वाढत नाही, श्वास घेत नाही. प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेली सूचनांची चिठ्ठी, एवढाच तो. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा गाळणीतून गाळला, जिच्यातून एकही जिवाणू पार होत नाही. तरी त्या रसानं नवी झाडं आजारी पडली. १८९८ मध्ये मार्टिनस बायरिंकनं या गाळणीतून निसटणाऱ्या गोष्टीला ‘व्हायरस’ म्हटलं, आणि १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्लीनं तर तिचे स्फटिक करून दाखवले, मिठाचे करावेत तसे. सजीव की निर्जीव हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला त्यात फार रस नाही; बाटलीत तो भुकटी असतो आणि पेशीत शिरला की सजीवाचे सगळे धंदे करतो, एवढं पुरे.

आकाराचा अंदाज यावा म्हणून असं धरा: ई. कोलायला खोलीएवढा मोठा केला, तर त्याच मापानं इन्फ्लुएन्झाचा विषाणू तळहाताएवढा होईल आणि पोलिओचा मोठ्या गोटीएवढा. पेशीत शिरल्यावर ही चिठ्ठी म्हणते, ‘माझ्या प्रती काढा.’ पेशी म्हणजे खालची सही न बघता हुकमाची तामिली करणारा कारकून. ती प्रती काढत बसते. हजारो नव्या चिठ्ठ्या बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात.

अँटिबायोटिक सर्दीवर का चालत नाही, याचं उत्तर इथंच आहे. जिवाणूभोवती भिंत असते आणि पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना तशी भिंत नसते, म्हणून औषध आपल्याला इजा करत नाही. विषाणूलाही भिंत नसते, म्हणून ते त्यालाही काही करत नाही. मरतात ते आतड्यातले गरीब बिचारे, आणि जे त्यातून वाचतात ते पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत.

पहिले काही तास

कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. विषाणूला प्रती काढायला जिवंत कारकून लागतो, तो तिथं भेटतच नाही. नाकात, घशात चिकट स्राव असतो, जठरात आम्ल असतं, डोळ्यांतल्या पाण्यात जिवाणूंची भिंत विरघळवणारं लायसोझाइम असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगला हे लायसोझाइम सापडलं ते सर्दी झालेली असताना स्वतःच्याच शेंबडात, पेनिसिलिनच्या काही वर्षं आधी.

काटा मात्र हा सगळा बंदोबस्त ओलांडून थेट आत जातो आणि जाताना जिवाणू घेऊन जातो. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम बसलेल्या असतात. आलेला जिवाणू कोणत्या जातीचा, हे त्यांना कळत नाही. पण आपल्या शरीरात कधीच तयार होत नाहीत अशा काही मोजक्या वस्तू त्यांना जन्मापासून ओळखता येतात: जिवाणूंच्या भिंतीतले घटक, त्यांच्या पोहायच्या शेपटीचं प्रथिन, विषाणूंच्या काही ठरावीक खुणा. नाव-गाव माहीत नाही, पण वेशावरून माणूस परका आहे हे कळावं, तसं. या ओळखीच्या यंत्रणेचा धागा आधी फळमाशीत हाती लागला. तिच्यातलं एक जनुक बिघडलं की ती बुरशीनं मरते, हे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेनं १९९६ मध्ये दाखवलं. त्याचं सस्तन प्राण्यांतलं भावंड ब्रूस बॉइटलर यांनी शोधलं आणि २०११ चं नोबेल दोघांच्या वाट्याला आलं. माशीचं आणि आपलं कुळ कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळं झालं, पण ही सोय दोघांनीही जपून ठेवली.

परका वास लागला की मॅक्रोफेज रासायनिक हाकाटी करतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंतीतल्या फटी वाढतात, पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. सुजेचा दाब आणि ती रसायनं मज्जातंतूंना चेतवतात, म्हणून दुखणं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्या ताणलेल्या जागेत रक्ताची लाट येते, तोच ठणका; हात खाली सोडला की दाब आणखी वाढतो.

हाकाटी ऐकून रक्तातून न्यूट्रोफिल येतात. लॅबच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींत सर्वाधिक टक्केवारी बहुधा यांचीच असते. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूनं वाहताना या पेशी सुजेच्या ठिकाणी घरंगळू लागतात, हळू होतात, चिकटतात आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चपटं करून बाहेर पडतात. आपली हाडं रोज सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतात आणि त्यातला एकेक फार तर काही दिवस जगतो. जिवाणूला गिळायचं, पोटात ब्लीचसारखं रसायन तयार करून त्याला जाळायचं, आणि बहुधा स्वतःही मरायचं, हे त्याचं आयुष्य. मरताना काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जिवाणू त्यात अडकतात. या मेलेल्या पेशींचा ढीग म्हणजे पू.

ते ब्लीच बनवणारं विकर (एन्झाइम) रंगानं हिरवं असतं. शेंबूड तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवा होतो तो त्यामुळे. ‘हिरवा झाला, आता अँटिबायोटिक हवं’ हा समज डॉक्टरांच्या खोलीबाहेर अजून पक्का आहे. पण रंग न्यूट्रोफिलांचा आहे, आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही ते येतात.

ब्लीच काही माणसं बघून सांडत नाही. आसपासच्या निरोगी पेशीही त्यात होरपळतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. बोटाच्या टोकाला हे परवडतं. फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात हेच झालं तर माणूस त्यानंच दगावू शकतो.

भक्षक पेशींचा शोध लागला तोही काट्यामुळेच. १८८२ मध्ये इल्या मेचनिकोव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होते. घरचे सर्कस बघायला गेले होते, हे सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक पिल्लं बघत बसले होते. त्या पिल्लांत फिरणाऱ्या पेशी शरीराचं रक्षण तर करत नसतील, असा विचार मनात आला आणि ते बागेत जाऊन गुलाबाचे काटे घेऊन आले. एकेक काटा पिल्लांच्या अंगात टोचला. झोप उडालेल्या अवस्थेत सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडला होता. १९०८ चं नोबेल त्यांना आणि पॉल एर्लिश यांना मिळून मिळालं. एर्लिशचा भर पेशींपेक्षा रक्तात तरंगणाऱ्या पदार्थांवर होता. दोघांच्या पंथांचं आपसांत अजिबात पटत नव्हतं आणि दोघांचंही बरोबर होतं.

अवधाण का येतं

पहिली फळी काम करत असताना डेंड्रायटिक पेशी नावाच्या फांद्याफांद्यांच्या पेशी जिवाणूंचे तुकडे घेऊन निघतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचं वर्णन केलं. (२०११ च्या नोबेलमध्ये तेही होते, पण घोषणेच्या तीन दिवस आधी वारले, समितीला ते माहीत नव्हतं.) या पेशी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवती झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या नळ्यांतून, काखेतल्या गाठीत पोचतात. तिथं टी पेशी आणि बी पेशी या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा सतत राबता असतो. डेंड्रायटिक पेशी आणलेला तुकडा दाखवत बसते: हा ओळखतो का कुणी? हा?

बहुतेक पेशी पुढे निघून जातात, कारण प्रत्येक टी किंवा बी पेशी एकाच विशिष्ट आकाराला चिकटू शकते. लाखोंत एखादीच जुळते. जुळली की ती तिथंच थांबते आणि विभागू लागते, दिवसातून दोन-तीनदा. गाठ सुजते. अवधाण म्हणजे योग्य पेशी सापडल्याचा आणि तिची भरती चालू असल्याचा पुरावा आहे. एकाची फौज व्हायला जो वेळ लागतो, त्यामुळेच नव्या संसर्गाला अँटिबॉडी, म्हणजे बी पेशींनी सोडलेली आणि जंतूला चिकटणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडाभर जातो.

पण जो जिवाणू आयुष्यात कधी पाहिला नाही, त्याला जुळणारी पेशी आधीपासून तयार कशी? माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वात सुंदर प्रश्न आहे.

माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २० हजार आहेत. अँटिबॉडीचे संभाव्य प्रकार मात्र अब्जावधी. प्रत्येकीला एक जनुक द्यायचं तर हिशोब बसत नाही. सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये कोडं सोडवलं: अँटिबॉडीचं जनुक सलग नसतंच. त्याचे सुटे तुकडे असतात आणि प्रत्येक बी पेशी घडताना त्यातले काही तुकडे उचलून, मधले कापून टाकून, नवीन जोडणी करते. बाराखडी आठवा. तीस-पस्तीस व्यंजनं आणि डझनभर स्वरचिन्हं, एवढ्यावर चारशेच्या वर अक्षरं होतात. दोन अक्षरांचा शब्द करायचा म्हटलं तर लाखाच्या वर. त्यात भर म्हणजे सांधा जुळवताना पेशी मध्येच दोन-चार अक्षरं मनानं घुसडते. बहुतेक शब्द निरर्थक निघतात. पण एवढे शब्द तयार ठेवले की उद्या येणाऱ्या कुठल्याही पाहुण्याचं नाव त्यात कुठेतरी सापडतंच.

शरीर कुलूप पाहून किल्ली घडवत नाही. ते आंधळेपणानं कोट्यवधी किल्ल्या पाडून ठेवतं आणि कुलूप आलं की जी लागेल तिच्या प्रती काढतं. ही कल्पना फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडली, तेव्हा ती उधळपट्टीची वाटावी अशीच होती. पुढे कळलं की जुळलेली किल्लीही गाठीत पुन्हा तासली जाते. बी पेशी त्या एका जनुकात मुद्दाम चुका करून घेतात, ज्यांची पकड सुधारते त्या जगतात, बाकीच्या मरतात. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आपण शिकतो. तिची छोटी आवृत्ती काखेतल्या गाठीत दोन-तीन आठवड्यांत उरकते.

आंधळेपणानं पाडलेल्या किल्ल्यांत एक धोका उघड आहे. काही किल्ल्या आपल्याच घराला लागतील. टी पेशींसाठी त्याचा बंदोबस्त छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होतो. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी तिचं काम दाखवेपर्यंत ती निरुपयोगी समजली जायची. तिथं कोवळ्या टी पेशींची दुहेरी परीक्षा होते. समोर धरलेला नमुना तुला वाचता तरी येतो का? आणि आपल्याच शरीराचा नमुना दाखवला तर तू चवताळून तर उठत नाहीस ना? पहिल्या प्रश्नात नापास होणाऱ्यांना मरण, दुसऱ्यात नापास होणाऱ्यांनाही बहुधा मरणच. शंभरातल्या नव्वदहून अधिक पेशी इथून जिवंत बाहेर पडत नाहीत. एवढी कडक निवड आपल्याकडच्या कुठल्याही स्पर्धापरीक्षेला लाजवेल. फरक एवढाच की इथं जास्त उत्साही उमेदवार सर्वात धोकादायक ठरतो.

पेशीच्या आत लपलेला

अँटिबॉडी रक्तात आणि स्रावात फिरते, पण जिवंत पेशीच्या आत शिरत नाही. विषाणू एकदा आत गेला की तिच्या हाताबाहेर. मग बाहेरून कसं कळणार, आत काय शिजतंय?

यासाठी शरीरानं एक नियम केला आहे. केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीनं आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे सतत आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवायचे. घरोघर दारात फळा आणि त्यावर ‘आज आत काय चाललंय’ ते लिहिलेलं. मारक टी पेशी फळे वाचत फिरते. परकी ओळ दिसली की ती त्या पेशीला मरायला लावते. पेशी आपलीच असते, पण तिच्यातून हजारो चिठ्ठ्या बाहेर पडण्यापेक्षा ती गेलेली बरी. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७० च्या दशकात ही वाचनपद्धत उलगडली.

काही विषाणू त्यावर फळाच पुसून टाकायची शक्कल लढवतात. त्यांच्यासाठी एनके (नॅचरल किलर) नावाच्या मारक पेशी आहेत. ज्या दारात फळाच नाही, त्या घरावर त्यांचा संशय.

तोवर बाधित पेशी स्वतःही गप्प बसत नाही. ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडून शेजारणींना सावध करते: माझं काही खरं नाही, तुम्ही तुमच्या प्रती काढायची यंत्रं थंड करा. १९५७ मध्ये त्याचा शोध लागला आणि पुढे हेपटायटिस-सी वर औषध म्हणून ते टोचलं जाऊ लागलं. तेव्हा एक बोलकी गोष्ट दिसली. इंजेक्शननंतर काही तासांत रुग्णांना थंडी वाजायची, अंग मोडून यायचं, डोकं दुखायचं, अगदी फ्लू झाल्यासारखं. फ्लूचा विषाणू तिथं नव्हताच. फ्लूमध्ये अंथरुणाला खिळवणारी ती कणकण बऱ्याच अंशी आपल्याच निरोप्यांची असते.

तापही तसाच. निरोपे मेंदूपर्यंत पोचले की मेंदू तापमानाचा काटा ३७ वरून समजा ३९ वर सरकवतो. आता ३७ अंशांचं शरीर मेंदूला थंड वाटतं. म्हणून अंग गरम असूनही हुडहुडी भरते, दात वाजतात, पांघरूण पुरत नाही. काटा परत खाली आला की तेच शरीर मेंदूला तापलेलं वाटतं आणि घाम फुटतो. पॅरासिटामॉल काटा खाली आणतं, जंतूंना काहीच करत नाही. १९७५ मध्ये सरड्यांच्या कुळातल्या वाळवंटी इग्वानांवर एक प्रयोग झाला. त्यांना स्वतःचं तापमान आतून वाढवता येत नाही. ते उबेला जाऊन बसतात. जिवाणूंची लागण झालेल्या इग्वानांना वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं, तर उबेत ठेवलेले जास्त जगले, थंडीत ठेवलेले जास्त मेले. यावरून प्रत्येक ताप अंगावर काढावा असा अर्थ काढू नये. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, किंवा तापासोबत धाप, गुंगी, ताठ मान असं काही दिसलं, तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

पासष्ट वर्षांची आठवण

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवर आला. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले. पेटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथं पाठवला गेला आणि गावोगाव चौकशी करत फिरला. बेटांवर याआधीचा गोवर १७८१ चा. मधल्या ६५ वर्षांत एकही नाही. १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता ते म्हातारे काही हयात होते. त्यांपैकी एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. आणि १७८१ मध्ये जे निसटले होते, त्या म्हाताऱ्यांना या खेपेस धरलं.

रक्तातली अँटिबॉडी काही आठवड्यांत विरते. नेहमीच्या प्रकाराची तीन आठवड्यांत निम्मी होते. म्हणजे त्या म्हाताऱ्यांच्या हाडांच्या मगजात बसलेल्या पेशी एकदाच पाहिलेल्या विषाणूविरुद्ध ६५ वर्षं अँटिबॉडी बनवत राहिल्या होत्या. आजाराची किंमत न मोजता हीच आठवण मिळवून देणं म्हणजे लस. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीचा द्रव टोचून माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळवलं, तेव्हा विषाणू हा शब्दही आजच्या अर्थानं नव्हता. १९८० मध्ये देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. फ्लूची लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते, कारण तो विषाणू प्रती काढताना इतक्या चुका करतो की वर्षभरात त्याचा चेहरा बदलतो. गोवराला ते जमत नाही.

आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात, हेही इथं सांगायला हवं. त्या काही महिने पुरतात. गोवराची लस साधारणपणे नऊ महिन्यांच्या आत देत नाहीत ती यामुळेच: आईच्या अँटिबॉडी लशीतल्या विषाणूलाही टिकू देत नाहीत.

गोवर स्वतः या आठवणींचा वैरी आहे. जुन्या जंतूंची ओळख जपून ठेवणाऱ्या स्मृतिपेशींतच तो शिरतो. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवराआधी आणि नंतर तपासणी केली, तेव्हा इतर रोगांविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडींच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झालेला दिसला. २०१९ मधला हा निष्कर्ष आहे. पुरळ जातं, पण मूल पूर्वी शिकलेले बरेच धडे विसरलेलं असतं.

चोर सोडून संन्याशाला

घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखं दिसतं. काही मुलांत घसा बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपांना इजा होते. जिवाणूसाठी घडलेली किल्ली झडपेला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. या ऱ्हुमॅटिक तापापासून बचाव म्हणून स्ट्रेप्टोकोकसचा घसा आहे असं ठरलं की अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायचा असतो. वर सर्दीबद्दल लिहिलं ते इथं लागू नाही. टाइप-१ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा बळी जातो. ॲलर्जीत निरुपद्रवी परागकणाला गुन्हेगार ठरवलं जातं. क्षयाचा जिवाणू वेगळंच करतो: मॅक्रोफेज त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला आत कोंडलं जातं, वर्षानुवर्षं. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जिवाणूची लागण झाल्याचा अंदाज आहे. त्यातल्या ५ ते १० टक्क्यांनाच पुढे रोग होतो.

म्हणून ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ अशी जाहिरात दिसली की मला विचारावंसं वाटतं, नेमकं काय वाढवू? न्यूट्रोफिल? ते वाढले तर डॉक्टर काळजीत पडतात. परागकणांवरचा राग? की स्वतःच्या सांध्यांवरचा? २०२० मध्ये कोव्हिडच्या गंभीर रुग्णांवर डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडची ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. हे औषध प्रतिकारयंत्रणेला दडपतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं कमी केले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. पहिल्या गटात तोवर विषाणूपेक्षा त्याच्यावरचा बेभान प्रतिसाद जास्त घातक झाला होता.

आवर घालण्यासाठी शरीराची स्वतःची माणसंही असतात. थायमसच्या परीक्षेतून निसटलेल्या चवताळू पेशींना बाहेर शांत ठेवणाऱ्या नियामक टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. त्या काळी बहुतेकांनी ही कल्पना जवळजवळ सोडून दिली होती. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं जनुक शोधलं आणि २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं. ते जनुक जन्मतःच बिघडलेल्या बाळांत प्रतिकारयंत्रणा आतडं, कातडी, स्वादुपिंड, सगळ्यांवर एकदम तुटून पडते.

आपलं बोट तोवर पाचव्या-सहाव्या दिवसात आलेलं असतं. जिवाणू संपले, हाकाटी थांबली. उरलेले न्यूट्रोफिल फुटत नाहीत. ते आतल्या आत आवरून मरतात, म्हणजे त्यांच्यातलं ब्लीच बाहेर सांडत नाही. ज्या मॅक्रोफेजनी पहिली बोंब ठोकली होती, तेच आता ही प्रेतं गिळतात आणि गिळल्यावर सूर बदलतात: सूज उतरवणारी आणि नवी कातडी विणायला लावणारी रसायनं सोडू लागतात. काखेत वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरतात, गाठ लिबलिबीत होते, मग चाचपूनही लागत नाही. थोड्या मागे उरतात आणि मगजात जाऊन बसतात. बोटावरची खपली कडेनं सुटायला लागते, खाजवते, आणि एक दिवस कपड्यात अडकून निघते.